जुन्या गावात जमिनीची ऊब: वारशाला धक्का न लावता घरं तापवायची कशी

इंग्लंडमध्ये केंब्रिज आणि न्यूमार्केटच्या मधोमध स्वॉफम प्रायर नावाचं गाव आहे. घरं सुमारे 300. टेकाडावर एकाच आवारात मध्ययुगीन मनोऱ्यांची दोन चर्चं, जवळ दोन पवनचक्क्या आणि खाली अरुंद मुख्य रस्त्याला लागून जुनी घरं. गावात पाइपचा गॅस कधी आलाच नाही. बहुतेक घरांच्या अंगणात तेलाची टाकी आणि आत तेलावरचा बॉयलर होता. हिवाळाभर घर उबदार ठेवायला आणि अंघोळीला मिळून 20,000 युनिट उष्णता लागत असेल, तर बॉयलरमध्ये वाया जाणारा भाग धरून वर्षाला 2,200 लिटरच्या आसपास तेल जळतं. लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका घराचे साडेपाच टन झाले.

गावकऱ्यांनी एक कम्युनिटी लँड ट्रस्ट, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवायची संस्था, स्थापन केला, केंब्रिजशर काउंटी कौन्सिलने प्रकल्प हाती घेतला आणि 2022 मध्ये पहिलं घर नव्या व्यवस्थेवर आलं. गावाबाहेरच्या शेतात शंभराहून अधिक बोअर आहेत. प्रत्येक सुमारे 200 मीटर खोल. शेजारी हीट पंपांची इमारत, आणि तिथून रस्त्यांखालून गावभर गेलेले गरम पाण्याचे पाइप. तेलावर चालणारं आख्खं जुनं गाव अशा पद्धतीने बदलण्याचा ब्रिटनमधला हा सुरुवातीचा प्रयत्न आहे.

या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय जागेचा आहे. अवजड, आवाज करणारं, दर वीस वर्षांनी बदलावं लागणारं यंत्र जुन्या गावात आणलंच नाही. ते मोकळ्या शेतात राहिलं आणि जुन्या भिंतीपर्यंत पोचले ते फक्त दोन पाइप. ऐतिहासिक इमारतींजवळ कुठलीही उष्णता-योजना आखताना हाच प्रश्न आधी विचारावा: बदलाचा भार कुणावर टाकायचा, शेतावर, रस्त्यावर की भिंतीवर? भिंतीवर तो सगळ्यात कमी पडायला हवा, कारण शेत पुन्हा नांगरता येतं, रस्ता पुन्हा करता येतो, पण चारशे वर्षांची भिंत परत बांधता येत नाही.

हीट पंप आणि तापमानाची किंमत

आपल्याकडचा एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट दिशेने करतो. जमिनीतली किंवा हवेतली कमी तापमानाची उष्णता उचलायची, कंप्रेसरने तिचं तापमान चढवायचं आणि ती पाण्याला द्यायची. वीज खर्च होते ती उष्णता वर चढवायला. एक युनिट वीज घालून तीन युनिट उष्णता मिळाली, तर त्यातली दोन युनिटं जमिनीतून आलेली असतात.

किती चढवायचं यावर सगळा खर्च ठरतो. जमिनीतून येणारं पाणी 5 अंशांवर आहे असं धरू. घरात 45 अंशांचं पाणी पुरत असेल, तर चांगला पंप एका युनिट विजेत साधारण 4 युनिट उष्णता देतो. तेच पाणी 75 अंशांचं हवं असेल, तर अडीच युनिटांवरच समाधान मानावं लागतं. म्हणून नव्या, नीट इन्सुलेशन केलेल्या घरात सगळे तज्ज्ञ कमी तापमानाचा आग्रह धरतात. तो तिथे बरोबरच आहे.

जुन्या गावात मात्र हे गणित बदलतं. 45 अंशांच्या पाण्यावर जुनं घर तापवायचं म्हणजे रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे धातूचे पॅनेल) मोठे करा, लाकडी फरशी उचलून जाड पाइप टाका, भिंतींना आतून इन्सुलेशन लावा. संरक्षित घरात यातल्या बऱ्याच गोष्टींना परवानगी लागते, पैसे जातात आणि शेवटी बरेच लोक योजनेतून बाहेर पडतात. स्वॉफम प्रायरमध्ये म्हणून पाणी सत्तरच्या पुढच्या तापमानाला पुरवायचं ठरलं. तेलाच्या बॉयलरवर चालणारे जुने रेडिएटर तसेच चालू राहतात. पंपांना वीज थोडी जास्त लागते, पण घरांना हात लागत नाही. आमच्या मते अशा गावासाठी हा सौदा योग्य आहे. पुढे घरं हळूहळू सुधारली की पुरवठ्याचं तापमान खाली आणता येतं. उलट, उचकटलेलं जुनं प्लास्टर परत मिळत नाही.

पंपही दोन प्रकारचे ठेवलेले आहेत, काही जमिनीतून उष्णता घेणारे आणि काही हवेतून. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये बाहेरची हवा 14 अंशांवर असते, तेव्हा हवेतून उष्णता घेणं स्वस्त पडतं आणि जमिनीला विश्रांती मिळते. जानेवारीत हवा शून्याजवळ जाते, तेव्हा जमिनीचा उपयोग होतो. केवळ जमिनीतून वर्षानुवर्षं उष्णता काढत राहिलं आणि परत काहीच गेलं नाही, तर बोअरच्या भोवतालची जमीन हळूहळू थंड होते. दहाव्या-पंधराव्या हिवाळ्यात पंप धापा टाकू लागतो, आणि तोवर मूळ हिशेब करणारे निघून गेलेले असतात.

पाणी न काढणारे बोअर

महाराष्ट्रात बोअर म्हटलं की पाणी लागलं का, हा पहिला प्रश्न. इथल्या बोअरमधून पाणी काढायचंच नसतं. 125 ते 150 मिलिमीटर व्यासाच्या भोकात 40 मिलिमीटरच्या पॉलिथिन पाइपचा यू आकाराचा फेरा सोडतात. त्यातून पाणी आणि गोठणरोधक ग्लायकॉल यांचं मिश्रण खाली जातं, जमिनीची ऊब घेतं आणि वर येतं. बंद फेरा, त्यामुळे भूजलाशी थेट संबंध नाही.

दक्षिण इंग्लंडमध्ये 10-15 मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर 10-11 अंशांच्या आसपास स्थिर असतं. पुढे दर 100 मीटरला दोन-अडीच अंशांनी वाढतं. ज्वालामुखी किंवा गरम झरे यांचा इथे काही संबंध नाही. बोअरच्या एका मीटरमधून 30 ते 50 वॉट उष्णता सतत काढता येते, दगड कोणता आणि त्यात पाणी किती यावर ते ठरतं. 40 वॉट धरले तर 200 मीटरच्या एका बोअरमधून 8 किलोवॉट, शंभर बोअरमधून 800 किलोवॉट. त्यात कंप्रेसरची वीज मिळवली की घरांकडे जाणारी उष्णता 1,200 किलोवॉटच्या पुढे जाते. दोन बोअरमध्ये किमान 6 मीटर अंतर लागतं, नाहीतर ते एकमेकांची ऊब खातात. दहा ओळींत दहा बोअर घातले तरी पाऊण एकर जागा गेली. चर्चच्या आवारात किंवा गावाच्या चौकात हे का बसत नाही, हे इथेच कळतं.

हा वॉटचा आकडा पुस्तकातून घेऊन चालत नाही. पहिला बोअर चाचणीसाठी घ्यायचा, त्यात ठरावीक शक्तीने गरम केलेलं पाणी 48 ते 72 तास फिरवायचं आणि तापमान कसं वाढतं ते नोंदवायचं. त्यावरून जमिनीची खरी उष्णता-वाहकता निघते. ही चाचणी टाळली तर एकतर वीस बोअर जास्त खणले जातात किंवा वीस कमी पडतात.

या भागात खाली चॉक आहे, म्हणजे खडूचा मऊ, भेगाळ दगड. तो मोठा भूजलसाठाही आहे, आणि आसपासच्या गावांना पिण्याचं पाणी त्यातूनच मिळतं. म्हणून बोअरमध्ये पाइप सोडल्यावर उरलेली पोकळी बेंटोनाइट (ओल्यात फुगणारी चिकणमाती), सिमेंट आणि वाळूच्या पातळ मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने, तळापासून वरपर्यंत भरतात. त्याने दोन कामं होतात: पाइप आणि दगड यांच्यात उष्णता नीट वाहते, आणि वरचं दूषित पाणी बोअरमधून खालच्या साठ्यात उतरत नाही. ग्राउट नेहमी तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, खालून वर भरायचं. वरून ओतलं तर मध्ये हवेचे कप्पे राहतात. 150 मिलिमीटरच्या 200 मीटर बोअरला सुमारे 3 घनमीटर ग्राउट लागतं. पाच घनमीटर गेलं आणि बोअर अजून भरत नसेल, तर ग्राउट चॉकच्या भेगांत पळतंय. लगेच थांबावं, जाडसर मिश्रण किंवा खडी घालून भेग बुजवावी आणि मग पुढे जावं. ग्राउट भरताना आतला फेरा पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असलाच पाहिजे. 200 मीटरवर ग्राउटचा बाहेरून येणारा दाब पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. रिकामा पाइप चपटा होतो आणि तो बोअर कायमचा गेला.

चर, पाया आणि पूर्वज

शेतातून गावात येणारे पाइप कारखान्यातच तयार होतात. आत स्टील, भोवती पॉलियुरेथेनचा फेस, बाहेर जाड प्लास्टिकचं आवरण. फेसात तांब्याच्या तारा असतात. कुठे ओल शिरली तर तारांचा रोध बदलतो आणि गळती साधारण कुठल्या मीटरवर आहे ते यंत्र सांगतं. अरुंद जुन्या रस्त्यावर ही सोय फार मोलाची, नाहीतर एका गळतीसाठी आख्खी गल्ली उकरावी लागते. स्टील तापलं की वाढतं. 100 मीटर पाइप 70 अंशांनी तापला तर 84 मिलिमीटर लांब होतो. वळणांवर मोकळीक ठेवली नाही तर तो ढकलतो कोपऱ्यातल्या जोडाला, आणि तो जोड नेमका कुणाच्या तरी जुन्या कुंपणभिंतीला लागून असतो.

जुन्या घरांचे आणि चर्चचे पाये आजच्यासारखे खोल नसतात. काही ठिकाणी तर जमिनीखाली हातभर गेलं की भिंत संपते. त्या भिंतीला खेटून एक मीटर खोल चर खणला, की पायाखालची माती चरात सरकायची शक्यता तयार होते. साधा नियम असा: पायाच्या तळापासून बाहेर, खाली 45 अंशांत एक रेघ कल्पावी आणि चर त्या रेघेच्या वर ठेवावा. जागाच नसेल, तर दोन-तीन मीटरचे तुकडे हाताने खणायचे, पाइप टाकायचा, भरायचा, मगच पुढचा तुकडा. लांबलचक चर उघडा ठेवून शनिवार-रविवारची सुट्टी घ्यायची आणि मध्ये पाऊस पडायचा, हे सगळ्यात वाईट.

चर्चच्या आसपास आणखी एक गोष्ट असते: माणसं. शेकडो वर्षांची दफनं आजच्या कुंपणाच्या बाहेरही सापडतात, कारण आवाराच्या सीमा बदलत गेलेल्या असतात. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी जुने नकाशे आणि नोंदी, मग जमिनीवरून भूभौतिक पाहणी, मग संशयाच्या जागी छोटे चाचणी-खड्डे, आणि प्रत्यक्ष खोदकामात शेजारी पुरातत्त्वज्ञ. काय सापडलं तर काय करायचं, हे आधी लेखी मंजूर करून घ्यावं लागतं. मानवी अवशेष लागले तर काम थांबतं. पवित्र केलेल्या जमिनीत चर्चची परवानगी, बाहेर सरकारी परवाना. हे वेळापत्रकात आधीच धरलं, तर एका सांगाड्याने खोळंबा होत नाही, कारण खोदणारी तुकडी दुसऱ्या गल्लीत पाठवता येते.

रस्त्याचा मार्ग निवडताना जवळचा रस्ता नेहमी चांगला नसतो. पाइप जितका लांब, तितकी उष्णता जमिनीत झिरपते, हे खरं. समजा 6 किलोमीटर जाळं आहे आणि मीटरमागे 15 वॉट गळतात: वर्षाला जवळपास 790 मेगावॉट-तास. 300 घरं प्रत्येकी 15 मेगावॉट-तास घेत असतील, तर ही गळती घरी पोचलेल्या उष्णतेच्या 17-18 टक्के होते. त्यातली निम्मीच घरं जोडली गेली, तर 35 टक्के. गावात किती लोक सामील होतात हा प्रश्न म्हणूनच इंजिनिअरिंगचाही आहे. पहिला चर खणायच्या आधी घरोघरी जाऊन सह्या गोळा करणारी माणसं प्रकल्पाचा विजेचा खर्चही ठरवत असतात.

भिंतीतलं भोक

सगळ्यात नाजूक काम अर्ध्या दिवसाचं असतं. या भागातल्या जुन्या भिंती क्लंचच्या, म्हणजे स्थानिक कठीणसर चॉकच्या, किंवा चुन्यात बसवलेल्या फ्लिंटच्या, म्हणजे कठीण गारगोटीच्या, गोट्यांच्या. हातोड्याचं ड्रिल चालवलं तर क्लंचचे पापुद्रे निघतात आणि फ्लिंट सैल होऊन भोक थाळीएवढं होतं. हिऱ्याच्या दातांचं फिरतं कोअर ड्रिल वापरावं, ठोका बंद ठेवून. फ्लिंट लागला तर जोर लावू नये, जागा थोडी सरकवावी. जमिनीतल्या जुळ्या पाइपचं आवरण 110 ते 140 मिलिमीटरपर्यंत असतं. ते आख्खं भिंतीतून नेण्यापेक्षा बाहेरच दोन बारीक पाइपांत उतरवून दोन छोटी भोकं पाडणं बरं. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

पाइपभोवतीची फट चुन्याच्या मसाल्याने भरावी. सिमेंट लावू नये, डब्यातला फुगणारा फेसही नको. जुनी भिंत ओल घेते आणि सुकते, तिच्यात ओलरोधक थर नसतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र. ओल त्याच्याभोवती अडकते, क्षार साठतात, आणि काही थंड्या गेल्या की सिमेंट शाबूत राहतं, शेजारचा क्लंच भुगा होऊन पडतो.

आतमध्ये पाइप मोठ्या गीझरएवढ्या पेटीत येतात. तिच्यात दोन प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे पातळ पत्र्यांमधून एका पाण्याची ऊब दुसऱ्याला देणारी साधनं: एक रेडिएटरसाठी, एक नळाच्या पाण्यासाठी. गावाचं पाणी आणि घराचं पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नळाचं पाणी त्याच क्षणी गरम होतं, टाकी लागत नाही.

इथे दोन बिघाड पुन्हा पुन्हा दिसतात. एक, घरातल्या जुन्या रेडिएटरांत तीस वर्षांचा काळा लोखंडी गाळ असतो. पेटी जोडायच्या आधी सगळं धुऊन घेतलं नाही, तर आठवड्याभरात गाळणी आणि एक्स्चेंजर तुंबतात आणि लोक म्हणतात, नवं यंत्र खराब आहे. गाळ पकडणारा चुंबकी फिल्टर बसवावा, धुणं मात्र त्याने टळत नाही. दुसरा बिघाड दिसत नाही, बिलात कळतो: परतीचं पाणी फार गरम. रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे सोडले की पाणी धावत जातं, ऊब न देताच परततं. 70 ला गेलेलं पाणी 40 ला परत यायला हवं. ते 50 ला आलं तर 1,000 किलोवॉट पोचवायला सेकंदाला 8 ऐवजी 12 लिटर पाणी फिरवावं लागतं, आणि हीट पंपाकडे परत येणारं पाणी गरम असल्याने त्याचीही कार्यक्षमता घटते. प्रत्येक रेडिएटरच्या परतीच्या व्हॉल्व्हवर प्रवाह बेतून देणं हे कंटाळवाणं, खोलीखोलीत जाऊन करायचं काम आहे. अंदाजपत्रक तंग झालं की पहिली कात्री त्याच्यावर चालते. चालू देऊ नका.

चर्चचं काय?

चर्च म्हणजे मोठं घर नव्हे. आठवड्यातून दोन-चार तास वापर, छत 10-12 मीटर उंच, भिंती मीटरभर जाड. गरम हवा वर जाते आणि बाकांवरची माणसं कुडकुडतात. जमिनीखालून उष्णता द्यावी तर थडग्यांच्या शिळा आणि खालचे थर उचलावे लागतात. शनिवारी रात्री झटकन तापवून रविवारी दुपारी बंद करणंही धोक्याचं: हवा अचानक कोरडी होते, ऑर्गनचं लाकूड आक्रसतं, भित्तिचित्रांखालचे क्षार पृष्ठभागावर येतात. रोज वापर असेल तरच चर्च गरम पाण्याच्या जाळ्याला जोडून सतत मंद ऊब देणं परवडतं. क्वचित वापर असेल तर बाकांखाली विजेचे छोटे हीटर लावून फक्त माणसं उबदार ठेवणं इमारतीच्याही हिताचं. चर्च ऑफ इंग्लंडने 2030 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य 2020 मध्ये ठरवलं, त्यामुळे हा प्रश्न आता हजारो गावांत आहे. तिथे परवानगीला फॅकल्टी म्हणतात, ती धर्मप्रांताच्या न्यायव्यवस्थेकडून मिळते आणि आधी सल्लागार समितीचं मत घेतलं जातं.

घर तुमचं असेल तर

इंग्लंडमध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी एक तपासावं: इमारत संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत आहे का, की नुसती संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जपलेल्या जुन्या वस्तीत, आहे? यादीतल्या इमारतीत तिच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा बदल परवानगीविना करणं 1990 च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. भोकही त्यात येऊ शकतं. नुसत्या संवर्धन क्षेत्रात नियम सौम्य आहेत, पण रस्त्याकडच्या भिंतीवर यंत्र लावायला सहसा वेगळी परवानगी लागते. अर्जात यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा भोकाची नेमकी जागा, व्यास, भरण्याचा मसाला आणि पुढे हे सगळं काढलं तर भिंत पूर्ववत कशी होईल, एवढं लिहिलं तर अधिकारी लवकर समजून घेतात. गावात जाळं नसेल आणि स्वतःचा हीट पंप बसवायचा असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2023 च्या ऑक्टोबरपासून 7,500 पौंडांचं अनुदान आहे. यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीसमोर किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात आवाज परतून मोठा होतो.

भिंतीतलं काम एप्रिल ते सप्टेंबरमध्ये उरकावं. चुन्याचा मसाला थंडीत घट्ट होत नाही आणि त्यावर दहिवर गोठलं तर तो सुटून येतो. तेलाचा बॉयलर मात्र पहिला हिवाळा जाईपर्यंत जागेवर राहू द्या. टाकी काढायची वेळ आली की आधी उरलेलं तेल पूर्ण उपसून घ्या आणि टाकीखालची माती तपासा. वर्षानुवर्षं थेंबथेंब गळालेलं तेल उथळ पायाकडे आणि पुढे चॉकमधल्या पाण्याकडे जातं. माती काळी किंवा वासाची निघाली तर ती उचलूनच जागा बुजवा.